मदत हवी आहे: १९६९ ची शेव्हेल, पहिल्याच स्टार्टला कॅम गेला

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. मुक्काम डिअरबॉर्न, मिशिगन. मूळचा कोल्हापूरचा, वडील शिरोलीला फाउंड्रीत मोल्डर होते.

गाडी १९६९ ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू, दोन दारांची. २०११ मध्ये घेतली. विकणारा शपथेवर 'एसएस ३९६' (शेव्हेलचं दमदार इंजिनवालं रूप) म्हणत होता. त्या वर्षी एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतंच, नुसतं पॅकेज होतं, त्यामुळे व्हिन नंबरवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) खरं-खोटं कळत नाही. हे मला पैसे मोजल्यावर कळलं. इंजिन नव्हतंच, बॉनेटखाली खारीचं घरटं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. २०१३ ला नोकरी गेली, गाडी ताडपत्रीखाली. मग पत्र्याच्या कामाला एका दुकानात दिली. डिकीचा तळ आणि मागचे क्वार्टर पॅनल एवढ्याला त्या माणसाने तीन वर्षं लावली आणि शेवटी निम्मं काम मीच केलं. इंजिनसाठीचा ब्लॉक बोअरिंगला टाकला तर ते मशीन शॉपच बंद पडलं, ब्लॉक परत मिळवायला आठ महिने गेले. जून २०२१ च्या पुरात तळघरात कमरेएवढं पाणी. सीटा, वायरिंग, रेडिएटरच्या पंख्याचं श्राउड (पंख्याभोवतीचं हवा वळवणारं आवरण), सगळं कचऱ्यात. दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते. १४ वर्षं मी तिथे घडीची खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या गाड्या बघतोय. बायको आता येत नाही, डबा देते.

तर मुद्दा. ३५० चं स्मॉल ब्लॉक, ३० थाऊ (हजारांश इंच) ओव्हरबोअर, नवा हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट कॅम आणि लिफ्टर (कॅमचे उंचवटे म्हणजे लोब लिफ्टरला उचलतात, त्याने व्हॉल्व्ह उघडतो; फ्लॅट टॅपेट म्हणजे लोबवर घासत चालणारा लिफ्टर). लोबला मॉलीची पेस्ट लावली, झिंकवालं ब्रेक-इन (नवं इंजिन रुळवायचं) तेल भरलं, ड्रिलने ऑइल पंप फिरवून प्रेशर आणलं. गेल्या शनिवारी इंजिन सुरू झालं. साधारण पंधराव्या मिनिटाला वरून टकटक सुरू झाली आणि कार्बोरेटरमधून फटफट उलटे बार. बंद केलं. व्हॉल्व्ह कव्हर काढलं तर ५ नंबरचा एक्झॉस्ट रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) जेमतेम हलतोय. डायल गेज लावला: बाकीच्या लोबची उचल .३१० इंचाच्या आसपास, याची .१९०. फिल्टर कापला तर घड्यांमध्ये राखाडी कीस, चुंबकाला मिशीसारखा चिकटतो.

प्रश्न दोन. नुसता कॅम आणि लिफ्टर बदलून, दोनदा तेल बदलून भागेल, की इंजिन पूर्ण खोलायचं? आणि पुन्हा फ्लॅट टॅपेटच घालू की रोलर (तळाला चाक असलेला लिफ्टर)? जुना संच तीनशे डॉलरच्या आत आला होता, रोलरचं सगळं सामान मिळून दीड हजाराच्या घरात जातंय. हल्ली लिफ्टरचं कास्टिंगच निकृष्ट येतं, असं इथले सगळे म्हणतात. माझाही संशय तोच.

प्रतिसाद

दादा, आधी वाईट बातमी. इंजिन खोला. तेल थंड आणि घट्ट असताना फिल्टरचा बायपास उघडतो, म्हणजे सुरुवातीचा कीस न गाळताच बेअरिंगपर्यंत गेला असणार. कॅम बेअरिंगचा बॅबिट (बेअरिंगचा धातू) मऊ असतो, त्यात तो रुतून बसतो. पिस्टनच्या स्कर्टमध्येही. ऑइल गॅलरीचे सगळे प्लग काढून लांब ब्रशने धुवा, पंप नवा घ्या. बेअरिंगचे दोनशे डॉलर वाचवायला जाल आणि क्रँक घालवून बसाल.

एक विचारू का? लिफ्टरवर ढकलायच्या आधी हे सांगा: सुरू व्हायला सेल्फ किती वेळ मारला? आणि त्या पंधरा मिनिटांत आरपीएम किती होता?

धागाकर्ता

विचारलंत तर सांगतो. डिस्ट्रिब्युटर १८० अंश उलटा बसला होता. १ नंबरचा पिस्टन वर आला एवढंच पाहिलं, कॉम्प्रेशनचा की एक्झॉस्टचा ते पाहिलं नाही. हे कळेपर्यंत पाच-सहा वेळा सेल्फ मारला, प्रत्येक वेळी भरपूर. मग सुरू झालं, २००० च्या वर ठेवलं. पण श्राउड नव्हतं, ते 'नंतर बघू' यादीत. दहाव्या मिनिटाला काटा २३० फॅरनहाइटला गेला म्हणून आयडलवर आणलं, जरा निवू दे म्हणून.

प्रतिसाद

मग लिफ्टर निर्दोष सुटला की हो.

कॅमला तेल मुख्यतः क्रँकच्या उडणाऱ्या शिंतोड्यांतून मिळतं. सेल्फवर आणि आयडलवर शिंतोडे उडतातच कुठे? सेल्फ मारत राहिलात त्यात पेस्ट पुसली गेली, राहिलेलं आयडलने केलं. तापलं तर सरळ बंद करायचं, गार होऊ द्यायचं, आणि पुन्हा २००० ते २५०० मध्ये वरखाली करत उरलेली मिनिटं भरायची. कॅम रुळायला एकूण वीस-तीस मिनिटं लागतात.

रोलर चांगलाच, पण 'टाकला आणि झालं' असं नाही. फ्लॅट टॅपेटचा लोब किंचित तिरका असतो आणि लिफ्टरचा तळ किंचित फुगीर, त्यामुळे लिफ्टर फिरतो आणि कॅम मागे दाबलेला राहतो. रोलर लिफ्टर फिरून चालत नाही, म्हणून जोडीजोडीने पट्टीने बांधलेले येतात. कॅमला मागे दाबणारं काही उरत नाही, म्हणून पुढे थ्रस्ट बटण लागतं. पुशरॉड (लिफ्टरपासून रॉकरपर्यंतचे दांडे) आखूड लागतात, मोजल्याशिवाय घेऊ नका. बिलेट स्टीलचा कॅम असेल तर डिस्ट्रिब्युटरचा गिअरही त्याला चालणारा बघा, नाहीतर गिअरचा कीस होईल.

प्रतिसाद

मी पुण्यात, शेव्हेल फक्त फोटोत पाहिलीय, पण जुन्या इंजिनांवर हात काळे केलेत. फ्लॅट टॅपेटच घालणार असाल तर एक करा: इनटेक मॅनिफोल्ड चढवायच्या आधी प्रत्येक लिफ्टरवर मार्करने रेघ मारा आणि क्रँक हाताने फिरवा. जो लिफ्टर फिरत नाही तो लोब खाणार. तुमच्या ५ नंबरच्या लिफ्टरचं बोअर (तो ज्यात सरकतो ते भोक) घट्ट असेल तर रोलरआधी तेच कारण निस्तरावं लागेल. नवीन ब्लॉक समजून सगळी बोअरं तपासा.

धागाकर्ता

काल इंजिन उतरवलं. क्रँकच्या बेअरिंगवरच्या दोन मेन कॅप काढल्या, बेअरिंगवर बोटाने जाणवतील असे ओरखडे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, ब्लॉक पुन्हा मशीन शॉपला (या वेळी पावती घेऊन). श्राउड आज मागवलं, ते आल्याशिवाय चावीला हात लावणार नाही. रोलरचे पैसे दिवाळीनंतर जमतील, तोवर थांबेन. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बिडाला नावं ठेवायच्या आधी आपला हात बघावा." या धाग्याबद्दल त्यांना काही सांगितलेलं नाही.

आता अडलंय ते वेगळंच. पंधरा लिफ्टर चुंबकाने वर आले, ५ नंबरचा एक्झॉस्ट येत नाही. तळ वाटीसारखा झिजलाय आणि कडा बाहेर पसरलीय, बोअरमधून वर निघेना. जोर लावला तर बोअर खरवडेल. कॅम काढून तो खाली पाडायचा म्हणतोय, पण लिफ्टर कॅमच्या वाटेत लोंबतोय. कुणी काढलाय का असा?