एक पालक दुसरीकडे राहतो तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

नोकरी, बदली, जहाज, शिक्षण, घटस्फोट. कारण कुठलंही असो, आई किंवा बाबा दुसरीकडे आणि मूल एकाजवळ, अशी घरं बरीच आहेत. जाताना मूल रडतं हे सगळेच सांगतात. मला परत येण्याबद्दल ऐकायचंय.

सुरुवात मी करते. नवरा जहाजावर इंजिनिअर. ‘एमएलसी २००६’ या आंतरराष्ट्रीय करारामुळे कुणालाही सलग बारा महिने जहाजावर ठेवता येत नाही, तरी निम्म्याहून जास्त वर्ष जातंच. तो आला की आधी नुसती मजा. मग टीव्ही किती, झोपायचं कधी, यावरून ठिणग्या. मी बसवलेली घडी तो दोन दिवसांत विस्कटतो, आणि हटकलं तर म्हणतो, "मी काय पाहुणा आहे?" लेक हुशार, मी नाही म्हटलं की त्याच्याकडे धावते. आता आल्यावर सुरुवातीला तो निकाल देत नाही. "आईला विचार," एवढंच. त्याला हे फारसं रुचत नाही, पण भांडणं कमी झालीत.

---

मी ते मूल होतो. बाबांचा रविवारी फोन यायचा. "अभ्यास कसा चाललाय? मार्क किती? आईला दे." संपलं. माझ्या एकाही मित्राचं नाव त्यांना माहीत नव्हतं आणि ते दिवसभर काय करतात हे मला. बाबालोकहो, मार्क सोडून काहीही विचारा. स्वतःचंही सांगा: साहेब ओरडला, भाजी करपली.

---

आमच्याकडे बाहेर मी आहे, पीएचडीसाठी. नवऱ्याला "किती करतो बिचारा!" आणि मला "मुलाला सोडून राहवतं कसं?" असो. मुलगा वर्षाचा होता तेव्हा व्हिडिओ कॉलचीही धास्ती वाटायची. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्यांना स्क्रीन नको म्हणताना व्हिडिओ कॉल वगळला होता, हे वाचून हायसं वाटलं. पण एवढंसं मूल समोर बसतंय कुठे? नवरा फोन खेळण्यांपाशी टेकवून ठेवतो. मी माझं वाचते, तो त्याचं खेळतो, मध्येच ठोकळा दाखवून जातो.

---

घटस्फोटानंतर मुलं शनिवार-रविवार वडिलांकडे असतात. परतल्यावर चिडचिड ठरलेली. माझी आई म्हणते, तिकडे कान भरतात. मला तसं वाटत नाही. घर बदलायला वेळ लागतो. आल्या आल्या उलटतपासणी घेत नाही, जेवायला वाढते.

---

सरसकट रडका सूर नको. वडील बदलीच्या गावी असले की आमचं घर शांत असायचं. ते आले की आम्ही भावंडं दबकून वावरायचो.

---

पंधरा वर्षांचा मुलगा फोनवर "हं", "बरं"च्या पुढे जात नाही. म्हणून ऑनलाइन बुद्धिबळ. एकेक डाव कित्येक दिवस चालतो, खेळीसोबत एखादी ओळ येते. परवा माझा वजीर मारला आणि खाली लिहिलं, 'गणिताची शिकवणी सोडलीय, आईला माहीत नाही.' आता तिला सांगू की नको? कुणावर अशी वेळ आली असेल तर लिहा.