‘सुपर ३०’ दाखवून झेडपीचे मास्तर सुधारणार का?

झेडपीचा_मास्तर
काल आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, “पाच सप्टेंबरला प्रत्येक झेडपी शिक्षकाला ‘सुपर ३०’ सक्तीने दाखवा. असा एक मास्तर मिळाला तरी गावाचं सोनं होईल.” तिथं दोन ओळींत भागेना, म्हणून इथं लिहितोय.

सिनेमा मी दोनदा पाहिलाय. केंब्रिजला प्रवेश मिळूनही पैशाअभावी जाता आलं नाही, वडील गेल्यावर पापड विकले, आणि त्याच आनंद कुमारांनी २००२ मध्ये पाटण्यात तीस गरीब पोरं जमवून त्यांना आयआयटीसाठी फुकट शिकवायला घेतलं. आई त्या पोरांसाठी रांधायची. त्या माणसापुढे मी हात जोडतो. पण ती पोरं परीक्षा घेऊन निवडलेली होती. माझ्या वर्गात कोण बसणार हे मी ठरवत नाही. पाचवीत एक ऊसतोड्याची मुलगी आहे. तिला हातच्याची वजाबाकी जमत नाही, कारण दिवाळी झाली की ती आईबापाबरोबर फडावर जाते. हुशार आहे. शेजारच्या दशकाकडून एक उसना घेते, पण घेतल्याची खूण करायला विसरते. तिला कुठल्या निवड परीक्षेला बसवू? एकतिसाव्या पोराचं काय, हे तो सिनेमा विचारतच नाही.

मार्केटयार्ड
मास्तर, तुम्ही राग भलत्याच ठिकाणी काढताय. माझे वडील यार्डात हमाल. अकरावी-बारावीला एका सरांनी बारा जणांना फुकट शिकवलं, तेही चाचणी घेऊनच. माझा नंबर अकरावा. मी इंजिनिअर झालो, मग पाठच्या दोन बहिणी शिकल्या. बाराच का घेतले, म्हणून त्या सरांना आज बोल लावू? त्यांची खोली दहा बाय बाराची होती. सिनेमात बाप पोराच्या केंब्रिजच्या पैशासाठी वणवण फिरतो ना, तिथं मला थिएटरमधून उठून बाहेर जावं लागलं होतं.

जुना_वाचक
रडू मलाही आलं, पण अभयानंद कुठे आहेत त्या सिनेमात? बिहारचे आयपीएस अधिकारी, पुढे पोलीस महासंचालक झाले. ‘सुपर ३०’ सुरू करण्यात त्यांचा वाटा होता, स्वतः भौतिकशास्त्र शिकवायचे. २००८ मध्ये वेगळे झाले. दोघांनी उभं केलेलं काम एकट्याचं करून दाखवलं की “असा एक मास्तर द्या” हेच लोकांच्या डोक्यात बसणार. वर हृतिकला काळं फासून बिहारी केलाय. गरीब माणूस गोरा नसतोच का?

मार्केटयार्ड
रंगाचं पटलं. मलाही ते खटकलं होतं. अभयानंदांचं ठाऊक नव्हतं.

दोन_मुलांची_आई
सिनेमा राहू द्या. आमच्या गावातल्या शाळेत पाच शिक्षक, पाचही तालुक्याहून येऊन-जाऊन करतात आणि पाचही जणांची मुलं इंग्रजी माध्यमात. मी मोलमजुरी करून त्याच शाळेत दोन पोरं घातली. थोरल्याला चौथीत जोडाक्षर वाचता येईना, तर बाई म्हणाल्या, “घरी लक्ष द्या.” मला वाचता येत असतं तर दिलं नसतं का लक्ष? तुमच्या फडावरच्या मुलीचं वाईट वाटतं, पण माझा पोरगा तर वर्षभर वर्गातच होता.

झेडपीचा_मास्तर
ताई, सरसकट बोलू नका. मी शाळेच्या गावातच राहतो, माझी मुलगी माझ्याच शाळेत आहे. आणि वर्गात मास्तर असतो तरी किती वेळ? खिचडीच्या तांदळाचा हिशेब, मतदार याद्या, रोज नवी ऑनलाइन माहिती, तीही “आजच भरा”. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बाहेरचं काम देऊ नये. गेल्या महिन्यात अपूर्णांक शिकवताना तीनदा फोन आला. तिसऱ्यांदा खडू ठेवला तेव्हा पोरांनी आपणच वह्या मिटल्या.

दोन_मुलांची_आई
फोन तुम्हाला येतो, वर्ष माझ्या पोराचं जातं. पगार महिन्याला होतो ना? मग वरच्यांशी भांडा. आमच्यापुढे कलमं कसली वाचता?

जुना_वाचक
बाई बरोबर बोलतायत. संघटना पेन्शनसाठी मोर्चे काढतात. तसा दणदणीत मोर्चा खिचडीच्या हिशेबावर निघालेला मी पाहिला नाही.

झेडपीचा_मास्तर
पेन्शन मागणं गुन्हा आहे का? मीही गेलो होतो त्या मोर्चाला, आणि पुन्हा जाईन.

...बाकीचं मान्य करतो. या कामांविरुद्ध आम्ही निवेदनं देतो आणि गप्प बसतो. आणि ताई, जोडाक्षर शिकवणं बाईंचंच काम होतं. ते घरावर ढकलायला नको होतं.

मार्केटयार्ड
मास्तर, मलाही एक मान्य करावं लागतंय. बारावा पोरगा सरांच्या खोलीत आत गेला त्याच्यानंतर दारात उभे राहिलेले कोण होते, आज आठवून पाहिलं. एकाचंही नाव आठवेना. तरी सिनेमा वाईट म्हणणार नाही. रविवारी मोकळा असतो. गणित घ्यायला येऊ का?

झेडपीचा_मास्तर
या. पण चाचणी घेऊन पोरं निवडायची नाहीत, पाचवीचे एकवीसच्या एकवीस बसतील. आणि दिवाळीच्या आधी या. नंतर ती मुलगी फडावर गेलेली असेल.