काचेवरून परतलेल्या उन्हाचा कवडसा भिंतीवर का उमटत नाही?

प्रश्न:
समोरच्या इमारतीची सपाट काच ऊन परतवते. त्यानं आपल्या भिंतीवर किती लक्स (प्रति चौ.मी. पडणारा प्रकाश) पडतात, ते रेडियन्समध्ये, म्हणजे प्रकाशाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काढायचंय. ‘-एबी ५’ (विखुरलेल्या प्रकाशाच्या पाच उड्या मोजण्याची सूचना) देऊनही कवडसा येत नाही. शिवाय काच ८ टक्के ऊन परतवते असं धरून हातानं १,००,००० लक्स × ०.०८ ÷ पाय (π) केलं, तर काचेची दीप्ती (डोळ्याला दिसणारी उजळी) २,५०० कँडेला प्रति चौ.मी. येते, चित्रात मात्र काचेतला सूर्य कोटींच्या घरात. कुठलं खरं?

उत्तर १:
चित्र खरं. पायनं भागायचं ते मॅट रंगासाठी. काच ऊन विखरत नाही, फक्त वळवते. सूर्याचा घनकोन (आकाशात तो व्यापतो तेवढी जागा) ६.८ × १०⁻⁵ स्टेरेडियन. १,००,००० ला त्यानं भागलं की सुमारे १.५ अब्ज, त्याचे ८ टक्के म्हणजे १२ कोटी.

भिंतीसाठी घनकोन लागतच नाही. परतलेल्या झोतात, किरणांना काटकोनात, ८,००० लक्स; भिंतीच्या लंबाशी ५० अंश असतील तर × ०.६४, म्हणजे ५,१००. सुरुवातीचे १,००,००० लक्स सूर्याकडे तोंड केलेल्या पृष्ठावरचे हवेत, जमिनीवरचे नव्हेत. इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

उत्तर २:
‘-एबी’ कितीही वाढवा, कवडसा येणार नाही. विखुरलेल्या प्रकाशाचे किरण चुकून सूर्यावर पोचले तरी ते मोजले जात नाहीत, नाहीतर थेट ऊन दोनदा धरलं जाईल. काचेला ‘मिरर’ मटेरियल द्या आणि पर्यायी मटेरियल म्हणून मूळ ‘ग्लास’चं नाव. मग काचेमागे आभासी सूर्य तयार होतो. ‘-डीआर’ (असे आभासी दिवे किती परावर्तनांपर्यंत धरायचे तो आकडा) किमान १ हवा. हे फक्त सपाट पृष्ठांवर चालतं. वक्र काचेला फोटॉन मॅपिंगच, म्हणजे दिव्याकडून किरण सोडून ते कुठे पडतात ते मोजणं.

‘मिरर’ची परावर्तकता कोनाप्रमाणे बदलत नाही, ती आपणच भरायची. साध्या एकेरी काचेला लंबाशी ६० अंशांवर ०.०८ नव्हे, ०.१६ धरा. म्हणजे दर तासाला वेगळी फाइल. कटकट आहे खरी.

उत्तर ३:
अंतर विसरू नका. काचेतला सूर्य १०० मीटरवरून ०.९३ मीटर व्यासाची जागा व्यापतो. तिथे अर्धा मीटर बाजूची एकच चौरस काच समोरासमोर असेल, तर जेमतेम ३७ टक्के बिंब मावतं: दीप्ती तीच, लक्स मात्र तेवढेच टक्के. ‘-डीजे’ (दिव्याच्या बिंबावर किरण विखरून सोडण्याचं प्रमाण) शून्य असेल तर बिंब एका बिंदूसारखं धरलं जातं, कवडशाच्या कडा धारदार येतात आणि ही घट दिसतच नाही.

चित्रातही जपून. १८० अंशांचं फिशआय (समोरचं अर्धं जग दाखवणारं गोल चित्र) १,००० पिक्सेल रुंद असेल तर सूर्य तीनच पिक्सेलचा. ‘-पीएस १’ ठेवा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल मोजला जाईल, नाहीतर तो निसटतो.