आरशांशिवाय लेझर कसा काय?

मृण्मयी_सातारा:
मी टीवाय बीएस्सीला आहे. लेझर म्हणजे दोन आरसे आणि मध्ये माध्यम, असंच आजवर शिकले. आता 'रँडम लेझर' वाचनात आला. आरसे नाहीतच, नुसती पूड! प्रकाश विखुरला की वाया जातो ना? मग लेझर होतो कसा?

रंगद्रव्य:
माझी पीएचडी यातलीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रकाश माध्यमात पुन्हापुन्हा फिरावा, म्हणजे दर फेरीला वाढेल, एवढ्यासाठीच आरसे. दाट पुडीतही तेच घडतं. कणाकणावर आपटत, वळणं घेत प्रकाश आत अडकून राहतो आणि तेवढा वेळ उत्तेजित, म्हणजे बाहेरून ऊर्जा दिलेल्या, रेणूंमधून जात वाढत राहतो. लेतोखोव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने 1968 मध्येच याचं गणित मांडलं. वाढ होते आकारमानात, गळती होते पृष्ठभागातून. नमुना पुरेसा मोठा असला की वाढ गळतीवर मात करते. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनचा हिशोबही हाच.

लावंडी आणि सहकाऱ्यांचा 1994 चा प्रयोग तर मला फारच आवडतो. मिथेनॉलमध्ये ऱ्होडामिन 640 हा चमकणारा रंग आणि टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातली पूड. त्यावर 532 नॅनोमीटरचे हिरव्या लेझरचे स्पंद सोडले. बाहेर येणाऱ्या प्रकाशाचा आधी साधारण 70 नॅनोमीटर रुंद असलेला वर्णपट, स्पंदांची ऊर्जा ठरावीक उंबरठा ओलांडताच 4 वर आला! आम्ही हे करायचो तेव्हा पूड सारखी क्युव्हेटच्या, म्हणजे नमुन्याच्या छोट्या पारदर्शक डबीच्या, तळाशी बसायची. दर मोजणीआधी क्युव्हेट अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धरायची, नाहीतर वर्णपटाचं शिखर बघता बघता रुंदावायचं.

अनिकेत_के:
पण प्रकाश तर सगळ्या दिशांना जाणार. मग त्याला लेझर का म्हणायचं?

रंगद्रव्य:
उंबरठा आहे, वर्णपट आक्रसतो, उत्सर्जन उत्तेजितच आहे, म्हणजे आधीचा प्रकाशच रेणूंकडून नवा प्रकाश काढून घेतो, म्हणून. 1999 मध्ये हुई चाओंच्या गटाला झिंक ऑक्साइडच्या पुडीत वर्णपटात 0.3 नॅनोमीटरहून अरुंद रेषा दिसल्या. पुडीवरची जागा बदलली की रेषाही बदलतात, कारण तिथली कणांची मांडणी वेगळी. आणि सुसंगती, म्हणजे प्रकाशलहरींचा एकमेकींशी मेळ, कमी असण्याचा फायदाच आहे. साध्या लेझरने घेतलेल्या प्रतिमेत, सुसंगत लहरी एकमेकींत मिसळल्याने, स्पेकल नावाचे ठिपके येतात. 2012 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रँडम लेझर वापरून स्वच्छ प्रतिमा घेतल्या गेल्या.

मृण्मयी_सातारा:
खूप आभार सर! हे आपल्याकडे कुठे चालतं?

रंगद्रव्य:
मुंबईत, कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत. तिथल्या गटाला मेल कर, आणि आधी त्यांचा एखादा पेपर नीट वाच.