मूलभूत सैनिकी प्रशिक्षणात रिक्रूटांना नेमके काय वाचावे लागते?

मृगजळ (प्रश्न)

सैन्यात नव्याने भरती झालेल्या जवानाच्या पहिल्या काही आठवड्यांविषयी जे लिहिले किंवा दाखवले जाते, त्यात धावणे, कवायत, नेमबाजी आणि प्रशिक्षकांचा चढा आवाज एवढेच प्रामुख्याने असते. याच काळात काही मजकूर सक्तीने वाचावा लागतो आणि त्यावर तोंडी परीक्षाही होते, हे मला अलीकडेच समजले. सेनाधिकाऱ्यांसाठी शिफारस केलेल्या पुस्तकांच्या याद्या सहज सापडतात, परंतु मला त्या नको आहेत. साध्या शिपायाच्या हाती अगदी सुरुवातीला कोणता मजकूर दिला जातो, तो शब्दशः पाठ करून घेतात की समजावून सांगतात, आणि दिवसभराच्या श्रमांनी थकलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग होतो का, याविषयी जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

कवायत

आपण याद्या बाजूला ठेवल्या हे योग्य केले. अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये जनरल आल्फ्रेड ग्रे यांनी 1989 मध्ये सुरू केलेली वाचनयादी प्रसिद्ध आहे आणि तिच्यात हुद्द्यानुसार पुस्तके नेमलेली असतात, परंतु तिचा खरा उपयोग पुढच्या सेवाकाळात होतो. मूलभूत प्रशिक्षणात जाड ग्रंथ वाचण्यास वेळही नसतो आणि तशी अपेक्षाही नसते. रिक्रूटाच्या हाती पडते ती हस्तपुस्तिका. अमेरिकी नौदलाचे 'द ब्लूजॅकेट्स मॅन्युअल' हे त्याचे ठळक उदाहरण होय. लेफ्टनंट रिडली मॅकलीन यांनी तयार केलेले हे पुस्तक प्रथम 1902 मध्ये निघाले आणि पुढे त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या झाल्या. हुद्दे आणि त्यांची चिन्हे, सलामी कोणाला व केव्हा द्यावी, दोरखंडाच्या गाठी, जहाजाचे भाग, आग लागल्यास काय करावे, प्रथमोपचार, असा सारा मजकूर त्यात असतो. वाचनात गोडी वाटावी असे त्यात फारसे काही नाही आणि तसा त्याचा हेतूही नाही.

शब्दशः पाठ करून घेतला जाणारा भाग याहून पुष्कळ लहान असतो. पहाऱ्यावरील संत्र्यासाठी असलेले सर्वसाधारण आदेश अमेरिकी नौदलात व मरीन कोअरमध्ये अकरा आहेत, तर लष्करात तीनच. नेमून दिलेल्या हद्दीतील प्रत्येक गोष्टीचे रक्षण करावे आणि रीतसर बदली आल्याखेरीज जागा सोडू नये, हा त्या तिहींपैकी पहिला आदेश आहे. यात पाठांतराचा आग्रह का, असे वाटणे साहजिक आहे. परंतु मध्यरात्री, झोपेने डोळे जड झालेले असताना, एखादा अनोळखी अधिकारी समोर येऊन 'तू चल, तुझ्या जागी मी उभा राहतो' असे म्हणाला, तर एकोणीस वर्षांच्या मुलाला विचार करण्यास उसंत नसते. अधिकाऱ्याच्या हुद्द्याचे दडपण मोठे असते आणि त्या दडपणाला उत्तर म्हणून त्याच्यापाशी फक्त ते वाक्य असते.

या वाचनासाठी वेगळा तास बहुधा मिळत नाही. पुस्तिका खिशात असते आणि जेवणाच्या रांगेत, तपासणीची वाट पाहत असताना, जिथे पाच मिनिटे मिळतील तिथे ती उघडायची असते. परीक्षाही अशीच अवचित होते. तपासणीला आलेला अधिकारी बुटांकडे पाहतापाहता सहावा आदेश विचारतो.

ग्रंथपाल

वरील माहितीला थोडी ऐतिहासिक जोड देतो. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, 1778 च्या हिवाळ्यात, व्हॅली फोर्ज येथील छावणीत प्रशियाचे सेनाधिकारी बॅरन फॉन श्टॉयबेन यांनी अमेरिकी सैन्याला कवायत शिकवली, तेव्हा त्यांना इंग्रजी जेमतेम येत होती. त्यांनी फ्रेंचमध्ये लिहिलेल्या नियमांचा इंग्रजी अनुवाद 1779 मध्ये छापला गेला. निळ्या पुठ्ठ्यामुळे 'ब्लू बुक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकाच्या अखेरीस प्रत्येक हुद्द्यासाठी स्वतंत्र सूचना आहेत आणि त्यांत साध्या शिपायासाठीही एक प्रकरण आहे. शिपाई हा आपले कर्तव्य वाचून किंवा ऐकून समजू शकणारा माणूस आहे, हे त्यात गृहीत धरलेले दिसते. त्या काळाचा विचार करता ही सामान्य गोष्ट नव्हती.

मात्र वाचायला दिलेले सर्वांना वाचता येईल, असे धरून चालत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने निरक्षर आणि अल्पशिक्षित रिक्रूटांसाठी विशेष प्रशिक्षण तुकड्या उभारल्या. त्यांच्यासाठीच्या वाचनपाठांत 'प्रायव्हेट पीट' नावाचा एक काल्पनिक शिपाई होता. तो छावणीत येतो, जेवतो, घरी पत्र लिहितो, आणि त्याच्यामागोमाग शिकणारा रिक्रूट वाचायला शिकतो. अशा जवानांना साधारण चौथ्या इयत्तेच्या पातळीचे वाचन यावे, एवढेच उद्दिष्ट होते.

शस्त्रांच्या पुस्तिकांची कथा याहून रंजक आहे. जर्मन सैन्याने 1943 मध्ये टायगर रणगाड्याच्या चालकदलासाठी काढलेल्या पुस्तिकेत तांत्रिक सूचना विनोदी पद्ये आणि चित्रे यांच्या आधारे दिल्या होत्या. व्हिएतनाम युद्धात एम-16 रायफली ऐन लढाईत अडकू लागल्या. त्यामागे काडतुसांतील बदललेली दारू, साफसफाईच्या साहित्याचा तुटवडा आणि या रायफलीला फारशी निगा लागत नाही हा पसरलेला समज, अशी कारणे होती. तेव्हा लष्कराने तिच्या देखभालीची पुस्तिका चित्रकथाकार विल आइस्नर यांच्याकडून चित्रकथेच्या स्वरूपात करून घेतली. तिची भाषा आणि चित्रे आजच्या वाचकाला खटकतील अशी आहेत, तरीही तिच्यामागचा विचार पटण्याजोगा आहे. थकलेला माणूस वाचणार नाही असा मजकूर देऊन पोच घेतली, तर त्याने कागदपत्रे पूर्ण होतात आणि रायफल अडकलेलीच राहते.

मृगजळ

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. पहारा आणि शस्त्र यांबाबत पाठांतराचे कारण पटले. परंतु युद्धाचे कायदे, कैद्यांशी वर्तन, आज्ञापालनाची मर्यादा हे विषयसुद्धा याच पद्धतीने, खिशातल्या कार्डावर, शिकवले जातात का?

पोलादी टाक

आपला हा दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

1949 च्या जिनिव्हा करारांनुसार, करारांचा मजकूर सैनिकी शिक्षणात समाविष्ट करणे हे सहभागी राष्ट्रांवर बंधनकारक आहे. युद्धकैद्यांविषयीच्या तिसऱ्या करारातील 127 वे कलम याच विषयावर आहे आणि त्याच करारातील 41 व्या कलमानुसार प्रत्येक कैदी-छावणीत कराराचा मजकूर कैद्यांच्या भाषेत लावावा लागतो. थोडक्यात, हा विषय शिकवणे प्रशिक्षण केंद्राच्या मर्जीवर सोडलेले नाही. तो कसा शिकवावा हे मात्र कलमात सांगितलेले नाही आणि गडबड नेमकी तिथेच होते.

मार्च 1968 मध्ये व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र नागरिकांची हत्या केली. त्यानंतर लेफ्टनंट जनरल विल्यम पीअर्स यांच्या नेतृत्वाखाली चौकशी झाली. व्हिएतनाममध्ये जाणाऱ्या सैनिकांना वर्तनाचे नियम आणि कैद्यांना द्यायची वागणूक यांविषयी छापील कार्डे दिली जात होती, परंतु त्या विषयांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण अपुरे होते, असे या चौकशीतून पुढे आले. हत्याकांडाची कारणे एका कार्डापुरती नक्कीच नाहीत. तरीही नियम छापून वाटले म्हणजे शिकवून झाले असे मानणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षण अधिकाऱ्याने तो अहवाल पाहावा, असे मला वाटते.

उलट बाजूचे उदाहरण जपानचे आहे. सम्राट मेजी यांनी 4 जानेवारी 1882 रोजी सैनिक आणि खलाशी यांना उद्देशून काढलेले फर्मान जपानी सैन्यात कित्येक पिढ्यांनी पाठ केले. निष्ठा, शिष्टाचार, शौर्य, सचोटी आणि साधेपणा ही त्यातील पाच सूत्रे होत. वरिष्ठाची आज्ञा म्हणजे प्रत्यक्ष सम्राटाची आज्ञा मानावी, असेही त्यात होते. पुढे जानेवारी 1941 मध्ये, जनरल तोजो युद्धमंत्री असताना, रणभूमीवरील वर्तनाची संहिता निघाली आणि तिने जिवंतपणी कैदी होण्याची मानहानी पत्करू नये असे बजावले. हा मजकूर जवानांच्या मनात पुरेपूर उतरला होता, किंबहुना फारच खोल उतरला होता. शरण येण्याऐवजी मरण पत्करणारे हजारो सैनिक आणि शरण आलेल्या शत्रूविषयीचा तिरस्कार, या दोहोंच्या मागे इतर कारणांबरोबर या शिकवणीचाही वाटा होता. तेव्हा पाठांतर परिणामकारक ठरते का, या प्रश्नापेक्षा पाठ काय करून घेतले जाते, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो.

युद्धोत्तर जर्मनीने यावर काढलेला तोडगा विचारात घेण्यासारखा आहे. 1956 च्या सैनिक कायद्यातील 11 व्या कलमात आज्ञापालनाचे कर्तव्य आणि त्याची मर्यादा एकत्रच सांगितली आहे. मानवी प्रतिष्ठेचा भंग करणारी आज्ञा न पाळल्यास तो आज्ञाभंग ठरत नाही, आणि जिच्या पालनामुळे गुन्हा घडेल ती आज्ञा पाळताच येत नाही. आज्ञा ऐकण्याच्या पहिल्या धड्यातच नकार केव्हा द्यायचा हेही जवानाला कळावे, ही या कलमाची मांडणी मला फार मोलाची वाटते.

कवायत

पोलादी टाक यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, तथापि पाठांतराची बाजू थोडी सावरून घेतो. परदेशी स्वयंसेवकांच्या 'फॉरेन लीजन' या फ्रेंच पलटणीची सात कलमांची सन्मानसंहिता रिक्रूट फ्रेंचमध्ये पाठ करतात आणि त्यांतील अनेकांना भरतीच्या वेळी ती भाषा अजिबात येत नसते. शब्द आधी तोंडी बसतात, अर्थ भाषेबरोबर हळूहळू येतो. पराभूत शत्रूशी कसे वागावे हे त्या संहितेत आहे. ते वाक्य जवानाच्या ओठांवर असेल, तर त्याचा अर्थ समजावताना प्रशिक्षकाला हाताशी काहीतरी असते.

पोलादी टाक

मान्य, मात्र अर्थाचा तो तास खरोखर झाला पाहिजे. तिसऱ्या कराराच्या 17 व्या कलमाप्रमाणे कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे. हे कोणताही रिक्रूट दोन दिवसांत पाठ करतो. चांगला प्रशिक्षक त्यापुढे दोन प्रश्न विचारतो: तू पकडलेल्या जखमी कैद्याने एवढेच सांगितले आणि तुझ्या तुकडीप्रमुखाने 'याला पाणी देऊ नकोस' असे फर्मावले, तर तू काय करशील, आणि ते कोणाला कळवशील? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत सहसा नसते. ते त्या केंद्राने स्वतः ठरवून, तक्रार कोणत्या हुद्द्यापर्यंत आणि कशी न्यायची हे जवानाला प्रशिक्षण संपण्यापूर्वी सांगावे लागते.