कोजागिरीचा स्पीकर

सेक्रेटरी: नमस्कार. कोजागिरीला गच्चीवर डीजे नाही म्हणजे नाही. सोसायटीचा ब्लूटूथ स्पीकर घेऊ म्हणतो. बजेट पाच-सहा हजार. जाणकारांनी सांगावं.

बी-२०३ काकू: नवीन काऊन? जुना होता नं?

सेक्रेटरी: तो चौकीदाराच्या टिनाच्या खोलीत अख्खा उन्हाळा पडून होता. आता दोन गाण्यांत बंद पडते.

सी-४०२: मग गेलाच तो, काका. मे महिन्यात बाहेरच ४५ डिग्री, टिनाखाली त्याहून जास्त. लिथियम बॅटरीला गरमी सोसत नाही. नवीन घेतला की कोणाच्या तरी घरात ठेवा, अर्धा चार्ज करून.

ए-१०१: बर्डीच्या बाजारात ३००० वॅटवाले भेटून राहिले, दोन हजारात 😄

सी-४०२: ते पीएमपीओ भाऊ, डब्यावर छापायचा फुगवलेला आकडा. आरएमएस पहा, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद. ३०-४० वॅट आरएमएस आपल्या गच्चीला पुरे झाले. उघड्यावर भिंती नसतात, बास म्हणजे खालचा जाड आवाज विरून जातो. म्हणून मधात नाही ठेवायचा, टाकीच्या भिंतीला लावून ठेवायचा.

बी-२०३ काकू: अन् मसाला दूध सांडलं तर?

सी-४०२: डब्यावर आयपी६७ लिहिलेला घ्या, तो पाणी-धूळ झेलायचा दर्जा आहे. १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकते, धूळही जात नाही. नुसतं आयपीएक्स७ लिहिलं असेल तर धुळीची हमी नाही. पण ही चाचणी साध्या पाण्याची असते काकू, दुधाची नाही 🙏

डी-३०१: एलडीएसी असलेला पहा, ब्लूटूथवरून जास्त बारकाईनं आवाज पाठवायची पद्धत. ९९० केबीपीएस, आवाज एकदम क्लिअर.

सी-४०२: फोन अन् स्पीकर दोघांतही पाहिजे ते. आयफोनमध्ये तर नसतेच. अन् पन्नास लोकं गप्पा हाणून राहिले असताना कोणाले फरक समजते?

ए-१०४ आजोबा: माझा नोकिया ५३१० एक्सप्रेसम्युझिक अजून ठणठणीत आहे. २००७ चं मॉडेल. स्क्रीनच्या बाजूलाच गाण्याची बटणं. कार्डात सगळं नाट्यसंगीत भरलेलं आहे. वायर जोडता येईल का?

सी-४०२: वा आजोबा! त्याला ३.५ एमएमचा जॅक आहे नं, मग ऑक्सवालाच, म्हणजे वायर लावायची जागा असलेला स्पीकर घेऊ. नवीन बऱ्याच स्पीकरमधून ऑक्स काढून टाकलं, दुकानात मागं पाहूनच घ्या.

बी-२०३ काकू: हो, आजोबांचाच फोन लावा. मागल्या वर्षी मधातच कोणाच्या तरी सासूबाईचा फोन आला, साऱ्या गच्चीनं ऐकला.

डी-३०१: 🤐

सी-४०२: स्मार्टफोन लावला तर गाणी आधीच डाउनलोड करा, एरोप्लेन मोड टाका, मग ब्लूटूथ परत चालू करा. अन् फोन खिशात घालून फिरू नका. माणूस आडवा आला की आवाज तुटते.

सेक्रेटरी: ठीक. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा कायदा आहे. १० ला स्पीकर खाली येईल.

ए-१०१: पण दूध तर १२ ला नं काका?

सेक्रेटरी: त्याच्यानंतर तोंडानं म्हणा. बी-२०३ कडे पेटी आहे.

बी-२०३ काकू: पेटी आहे, पण चार मजले वर कोण नेते?

ए-१०१: मी नेतो. उद्या बर्डीला कोण येते? मेट्रोनं जाऊ, पार्किंग भेटत नाही.