आईकडचा इतिहासही मोजा

मामाला बेचाळिशीत मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आईकडच्या आजीला गर्भाशयाचा. पण वडिलांच्या घराण्यात कुणालाच नाही म्हणून आपण निर्धास्त, असं इथे एकांनी लिहिलंय, त्यांना हे उत्तर. कृपया असं समजू नका. निम्मी जनुकं आईकडून येतात. शिवाय आजीचा आजार वेगळा म्हणून सोडून देता येत नाही.

१८९५ साली अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं की घरातले बरेच जण पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने गेले, मीही तशीच जाणार. ती पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. त्याच घराण्याच्या अभ्यासातून पुढे लिंच सिंड्रोम कळला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष. त्यात सदोष जनुक प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते, मुलगा असो वा मुलगी.

म्हणून आधी मामांचे बायोप्सीचे कागद शोधा. गाठीच्या नमुन्यावर एमएमआर तपासणी (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा गाठीत बिघडली आहे का, हे पाहणारी) झाली होती का, ते ऑन्कोलॉजिस्टना (कॅन्सरतज्ज्ञांना) विचारा. जनुकचाचणी शक्यतो आजारी व्यक्तीची आधी करतात. दोष सापडला तर बाकीच्यांना तेवढाच तपासावा लागतो. तुमच्या आईंची चाचणी त्यानंतर लगेच व्हायला हवी, त्यांना काही त्रास नसला तरी.

लिंच असेल तर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) साधारण विशी-पंचविशीपासून, दर एक-दोन वर्षांनी (काही जनुकांत थोडी उशिरा) सुरू करतात. पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूची छोटी वाढ) त्याच वेळी काढता येतो, कॅन्सर होण्याआधीच. मामांशी या आठवड्यातच बोला.